खाऱ्या पाण्यासाठी मेटल डिटेक्टर: पहिलं मशीन निवडताना

वाळूत पडलेल्या अंगठ्या-नाणी शोधणारं मशीन वॉटरप्रूफ आहे म्हणून ते समुद्रात चालेल, असं समजून नवख्यांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. तीन मीटर खोलीपर्यंत पाण्याचा थेंब आत न घेणारं मशीन नदीत आणि तळ्यात झकास काम करतं, पण तेच ओल्या पुळणीवर टेकवलं की अखंड किरकिरायला लागतं. त्यात बिघाड काही नसतो, ते खाऱ्या पाण्यालाच धातू समजत असतं. याच्या उलटही होतं. ओल्या वाळूवर अगदी शांत चालणारं एखादं मशीन असतं, पण त्याचा कंट्रोल बॉक्स, म्हणजे दांड्यावरचा बटणांचा डबा, पाणी अडवत नाही आणि एका लाटेत त्याचा निकाल लागतो. तेव्हा हे दोन प्रश्न पहिल्यापासून वेगळे ठेवा: मशीनला मिठाचं पाणी सोसतं का, आणि मशीनच्या आत पाणी शिरतं का? बाकीची निवड या दोन उत्तरांवर ठरते.

पहिली पायरी: आपले पाय कुठे असणार ते ठरवा

कोरड्या वाळूत जवळपास कुठलंही मशीन चालतं. खरा फरक सुरू होतो भरतीची रेघ ओलांडून ओल्या वाळूत उतरल्यावर. तिथून पुढे लाट चढते-उतरते ती पट्टी, मग गुडघ्यापासून छातीपर्यंतचं पाणी, आणि शेवटी डोक्यावरून पाणी, म्हणजे डायव्हिंग. प्रत्येक टप्प्याची मागणी वेगळी आहे. ओल्या वाळूसाठी मीठ सोसणारं मशीन आणि वॉटरप्रूफ कॉइल (दांड्याच्या टोकाची, वाळूवर फिरवायची थाळी) पुरते. लाटांच्या पट्टीत कंट्रोल बॉक्सही वॉटरप्रूफ लागतो, कारण तिथे मशीन पाण्याखाली जाणार नसलं तरी हातातून पडणार हे नक्की. छातीभर पाण्यात हेडफोनही वॉटरप्रूफ हवेत. डायव्हिंगसाठीची मशीनं मुळातच निराळी असतात.

इथे प्रामाणिक राहणं फायद्याचं आहे. बहुतेकांचा नव्वद टक्के वेळ ओल्या वाळूत आणि मांडीभर पाण्यातच जातो. कधी डायव्हिंग शिकलो तर उपयोगी पडेल म्हणून ६० मीटरचं मशीन घेतलं, तर रोज जास्तीचं वजन वाहायचं आणि स्क्रीन नसलेल्या मशीनवर शिकायचं, असा दुहेरी भुर्दंड पडतो.

दुसरी पायरी: मिठाचा त्रास समजून घ्या

एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांच्यामुळे ते पाणी गोड्या पाण्यापेक्षा शेकडो पटींनी चांगलं वीजवाहक होतं. डिटेक्टरची कॉइल बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यामुळे धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, आणि त्या प्रवाहांचं क्षेत्र कॉइल परत टिपते. खाऱ्या पाण्यातही असेच प्रवाह उठतात. ते दुबळे असतात, पण पाणी कॉइलच्या चारी बाजूंनी असतं, त्यामुळे सगळं मिळून येणारा सिग्नल लक्षणीय होतो. मशीनच्या दृष्टीने तो अॅल्युमिनियम फॉइलच्या पातळ तुकड्यासारखा दिसतो. आणि पंचाईत अशी की सोन्याची नाजूक साखळी किंवा कानातली बारीक कुडीही साधारण तिथेच दिसते.

काही किनाऱ्यांवर आणखी एक भर असते, ती काळ्या वाळूची. ही वाळू म्हणजे बहुतांशी मॅग्नेटाइट, एक चुंबकीय लोहखनिज. खात्री करायची असेल तर लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या वाळूतून फिरवा. काळ्या कणांची दाढी उगवली, तर तुमचा किनारा अवघड आहे. मॅग्नेटाइट चुंबकीय सिग्नल देतो आणि मीठ वीजवहनाचा. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या मशीनचा ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा सिग्नल वजा करायची जुळवणी, यांपैकी एकाला गप्प करू शकतो. वाळू काळीही आहे आणि ओलीही आहे, तिथे एक दाबला की दुसरा डोकं वर काढतो. सेन्सिटिव्हिटी (मशीनची संवेदनशीलता) उतरवून मशीन शांत करता येतं, पण तेवढी उतरवल्यावर खोलीवरची अंगठीही शांतच राहते.

तिसरी पायरी: तंत्र निवडा

बाजारात तीन वाटा आहेत.

सिंगल फ्रिक्वेन्सी मशीन कोरडी वाळू, शेत, नदी आणि तळं यांसाठी उत्तम. गॅरेटचं एटी प्रो १५ किलोहर्ट्झवर चालतं आणि नोकटाचं सिम्प्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झवर. दोन्ही सुमारे तीन मीटरपर्यंत वॉटरप्रूफ आहेत, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या गैरसमजाची ही चालती-बोलती उदाहरणं. यांना समुद्रात अजिबात नेता येत नाही असं नाही. सेन्सिटिव्हिटी उतरवून, ग्राउंड बॅलन्स मिठाला जुळवून काम होतं, पण ते तडजोडीचं काम असतं. जाहिरात वाचताना एक बारकावा बघा: ‘अनेक फ्रिक्वेन्सी’ म्हणजे एकाच वेळी अनेक, असं नेहमी नसतं. माइनलॅबच्या एक्स-टेरा प्रोमध्ये ५, ८, १० आणि १५ किलोहर्ट्झ अशा चार फ्रिक्वेन्सी आहेत, पण एका वेळी निवडायची एकच.

एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मशीन, म्हणजे खरं मल्टी-फ्रिक्वेन्सी, समुद्रावरच्या पहिल्या खरेदीसाठी जवळजवळ नेहमीच बरोबर ठरतं. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना मीठ, मॅग्नेटाइट आणि धातू वेगवेगळा प्रतिसाद देतात. मशीन त्यांची तुलना करून मीठ आणि वाळू दोन्ही वजा करतं आणि तरीही लोखंड कुठलं नि बिनलोखंडी कुठलं हे सांगू शकतं. माइनलॅबचे इक्विनॉक्स आणि मँटिकोर, नोकटाचं लेजेंड, एक्सपीचं ड्यूस २ ही या वर्गातली नावं. माइनलॅबचं व्हॅन्क्विशही मल्टी-फ्रिक्वेन्सीच आहे आणि ओल्या वाळूत चांगलं चालतं, मात्र त्याची फक्त कॉइल वॉटरप्रूफ आहे. कंट्रोल बॉक्स पाण्यापासून सांभाळावा लागतो. घोट्याच्या वर पाण्यात जायचंच नसेल तर हरकत नाही.

तिसरी वाट पल्स इंडक्शनची. हे मशीन सतत लहर सोडत नाही. ते विजेचा एक ठोका देतं, थांबतं आणि मग ऐकतं. ठोका बंद झाल्यावर खाऱ्या पाण्यातले प्रवाह काही मायक्रोसेकंदांत विरून जातात, अंगठीतले जास्त वेळ टिकतात. मशीनने साधारण १० ते १५ मायक्रोसेकंद उशिरा ऐकायला सुरुवात केली, तर मिठाचा आवाज आपोआप गळतो, काळी वाळूही फारशी छळत नाही, आणि खोली उत्तम मिळते. मग सगळे हेच का घेत नाहीत? कारण याला लोखंड नीट ओळखता येत नाही. केसांची पिन, गळ, गंजलेला खिळा, बाटलीचं झाकण, सगळ्यांचा आवाज खणखणीत. वर अगदी बारीक सोन्यातले प्रवाहही मिठाइतक्याच लवकर विरतात, त्यामुळे बारीक साखळी याच्याही हातून निसटू शकते. कचरा कमी आणि काळी वाळू जास्त असा किनारा असेल, किंवा पाण्याखाली खोलवर काम करायचं असेल, तरच पल्स इंडक्शन घ्या. गर्दीच्या, कचऱ्याने भरलेल्या किनाऱ्यावर पहिलं मशीन म्हणून ते घेतलं की दोन आठवड्यांत खांदे बोलायला लागतात.

चौथी पायरी: खोलीचा आकडा नीट वाचा

आयपी६८ हा धूळ-पाणी रोखण्याच्या मानांकनाचा शिक्का एकटा पुरेसा नाही. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी६८ म्हणजे त्याहून कडक अटी, पण किती खोल आणि किती वेळ हे उत्पादक ठरवतो आणि पुस्तिकेत लिहितो. ती ओळ शोधून वाचा. शिवाय ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते. क्षारांनी होणारा गंज आणि लाटेचा तडाखा तिच्यात धरलेला नसतो.

इक्विनॉक्स ६०० आणि ८०० तीन मीटरपर्यंत चालतात. त्यांच्यानंतरचे ७०० आणि ९००, तसंच मँटिकोर, पाच मीटरपर्यंत. ड्यूस २ ची मर्यादा वीस मीटर. खास पाण्याखालच्या मशीनांमध्ये माइनलॅबचं एक्सकॅलिबर २ आणि गॅरेटचं सी हंटर मार्क २ दोन्ही २०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ६० मीटर, उतरतात. एक्सकॅलिबर १.५ ते २५.५ किलोहर्ट्झमधल्या १७ फ्रिक्वेन्सी वापरतं, सी हंटर पल्स इंडक्शनवर चालतं. एक्सकॅलिबरला स्क्रीन नाही, सगळा कारभार आवाजावर. जुनी रचना असली तरी पाण्यात हे सोयीचं पडतं. गढूळ पाण्यात आकडे वाचायचे तरी कसे?

दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे तीन मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण ३०० ग्रॅमचा जादा भार. सीलखाली अडकलेला वाळूचा एक कण किंवा एक केस तेवढ्या दाबाला पाण्याची वाट करून द्यायला पुरतो. छापलेल्या मर्यादेच्या निम्म्या खोलीतच काम ठेवा.

पाचवी पायरी: कॉइल आणि दांडा

सुरुवातीला २५ ते २८ सेंटिमीटरची, म्हणजे १० किंवा ११ इंची डीडी कॉइल (आत इंग्रजी D च्या आकाराची दोन वेटोळी असलेली) घ्या. डीडीची पकड मधल्या लांबट रेषेवर असते आणि खनिजयुक्त वाळूत ती जास्त स्थिर राहते. ३५ सेंटिमीटरच्या वरची कॉइल जास्त खोल बघते हे खरं, पण ती जास्त मीठही बघते आणि पाण्यात तिला ओढणं म्हणजे वल्हं मारण्यासारखं आहे. पाण्यात चालताना मधे पोकळ, आरांची कॉइल बरी, भरीव थाळी नको.

कॉइल तरंगते की बुडते हे दुकानात कुणी विचारत नाही, पण पाण्यात दिवस त्यावरच निघतो. तरंगणारी कॉइल सतत खाली दाबून धरावी लागते आणि तासाभरात मनगट भरून येतं. सोडल्यावर हळूच तळाशी बसणारी कॉइल चांगली. तरंगत असेल तर वजन जोडता येतं, मात्र ते धातूचं नको.

दांड्याची लॉक उघडून बघा. आत वाळू अडकायला जागा असेल तर ती अडकणारच. कार्बन फायबरचा दांडा हलका आणि ताठ असतो. पाण्यात ताठपणा महत्त्वाचा, कारण दांडा पिळला की कॉइल तिरकी होते.

खोलीच्या दाव्यांबद्दलही एक सांगायला हवं. कॉइलपासून वस्तू लांब गेली की तिचा सिग्नल ढोबळमानाने अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. अंतर दुप्पट झालं तर सिग्नल चौसष्टावा हिस्सा उरतो. त्यामुळे एका मशीनची ताकद दुसऱ्यापेक्षा बरीच जास्त असूनही प्रत्यक्षात फरक पडतो तो दोन-तीन सेंटिमीटरचा. त्या दोन सेंटिमीटरसाठी किरकिरं मशीन घेऊ नका. शांत मशीनवर हलका सिग्नल ऐकू येतो, गोंगाटात बुडत नाही.

सहावी पायरी: कानाला काय लावणार

ब्लूटूथ आणि इतर वायरलेस लहरी खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरही धड जात नाहीत. कान पाण्याबाहेर, बॉक्सही पाण्याबाहेर, तोवर वायरलेस चालेल. दोन्हीपैकी एक बुडालं की आवाज गेला. ड्यूस २ ची तर कॉइलही रिमोटशी वायरलेस बोलते, म्हणून पाण्याखाली वापरताना कॉइलपासून रिमोटपर्यंत अँटेनाची वायर लावावी लागते. ती घरी विसरली तर पाण्यात उतरून उपयोग नाही.

पाण्यासाठी वायरचे वॉटरप्रूफ हेडफोन घ्या, आणि ते त्याच मॉडेलच्या जॅकला बसतात हे तपासूनच. हेडफोनशिवाय पाण्यात जाताना जॅकवरची टोपी घट्ट बसवा. मशीन वॉटरप्रूफ असतं ते टोपीसकट.

सातवी पायरी: घेण्याआधी किनाऱ्यावर बघा

ओळखीच्या कुणाचं मशीन मिळालं किंवा विक्रेत्याने चाचणी दिली, तर पाच वस्तू सोबत न्या: साधी अंगठी, बारीक साखळी, एक नाणं, कॅनचं ओढायचं झाकण, एक लोखंडी खिळा. प्रत्येकीला हातभर लांब दोरा बांधा आणि दोऱ्याचं टोक वर ठेवा, नाहीतर अंगठी समुद्राला अर्पण. हवेत ओवाळून बघण्याला अर्थ नाही. ओल्या वाळूत १०, २० आणि ३० सेंटिमीटरवर पुरा, वाळू दाबून बसवा, मग कॉइल फिरवा. साखळी पुरताना एकदा गोळा करून आणि एकदा लांब पसरून बघा. मशीन साखळीला एक वस्तू म्हणून बघत नाही, तिला सुट्या कड्यांची रांग दिसते, म्हणून पाच ग्रॅमच्या अंगठीपेक्षा दहा ग्रॅमची साखळी जास्त अवघड जाते.

हेच कोरड्या वाळूतून पाण्याकडे सरकत करा. कुठल्या रेषेपासून मशीन बडबडायला लागतं आणि शांत करायला सेन्सिटिव्हिटी किती उतरवावी लागते, हे दोन आकडे लिहून ठेवा. दोन मशीनांमध्ये निवड करायची तर पुस्तिकेपेक्षा हे आकडे कामाचे.

आठवी पायरी: स्कूप आणि पिनपॉइंटर

मशीनवर सगळं बजेट संपवू नका. पाण्यात स्कूपशिवाय, म्हणजे भोकं असलेल्या खोऱ्याशिवाय, एकही वस्तू वर येत नाही. कोरड्या वाळूला प्लॅस्टिकचा छोटा स्कूप पुरतो. ओल्या वाळूत आणि पाण्यात स्टेनलेस स्टीलचा, लांब दांड्याचा, पायाने दाबायला मागे पट्टी असलेला हवा. भोकं १० ते १२ मिलिमीटरची असावीत. मोठ्या माणसाच्या अंगठीचा बाहेरचा व्यास दोन सेंटिमीटरच्या आसपास असतो, ती त्यातून जात नाही. कानातलं मात्र जाऊ शकतं, म्हणून सिग्नल बारीक असेल तर स्कूप पाण्यात न हलवता वाळूवर उपडा करा आणि वॉटरप्रूफ पिनपॉइंटरने (हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरने) ढीग तपासा.

खणताना कॉइल एकदा आडवी, एकदा उभी फिरवून मध्य पकडा. तिथे पायाचा अंगठा टेकवा आणि स्कूपचं पातं त्याच्या दहा सेंटिमीटर मागे रोवा, नाहीतर पात्याने अंगठी चेपते. पहिलाच घाव खोल घाला. पाणी भरलेल्या वाळूत खड्डा लगेच ढासळतो आणि जड वस्तू अर्धवट हलवली की आणखी खाली सरकते. खड्डा पुन्हा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि स्कूप कॉइलपासून हातभर लांब धरा, तोही स्टीलचाच आहे.

पहिल्या दिवशी

मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. बीच मोड निवडा. इक्विनॉक्समध्ये बीच १ वाळूसाठी आहे, बीच २ पाण्याखालसाठी, आणि बीच २ मध्ये मशीन ताकद कमी करून सोडतं. कॉइल स्थिर धरून नॉइज कॅन्सल (आसपासचा विद्युत गोंगाट टाळायची सोय) करा. मग जिथे फिरणार त्याच ओल्या वाळूत धातू नसलेली जागा शोधून कॉइल वरखाली करत ग्राउंड बॅलन्स घ्या. सेन्सिटिव्हिटी बडबड सुरू होईपर्यंत वाढवा आणि दोन-तीन पायऱ्या खाली आणा.

चालायचं ते पाण्याच्या रेषेला समांतर. कोरड्याकडून पाण्याकडे तिरकं चालत राहिलात तर प्रत्येक पावलाला वाळूतलं मीठ बदलतं आणि बॅलन्स सतत चुकतो. लाटांच्या पट्टीत कॉइल एकतर पूर्ण पाण्यात ठेवा किंवा पूर्ण बाहेर. अर्धी बुडालेली कॉइल प्रत्येक लाटेला खोटा सिग्नल देते. हात सावकाश फिरवा, कॉइल वाळूला समांतर ठेवा, टोकाला वर उचलू नका.

डिस्क्रिमिनेशनमध्ये, म्हणजे नको ते धातू गाळायच्या सेटिंगमध्ये, फक्त लोखंड वगळा. फॉइल आणि कॅनची झाकणं वगळायचा मोह होतो, पण सोन्याच्या अंगठ्या त्याच पट्ट्यात पडतात. झाकणं खणायची तयारी नसेल तर सोनं राहून जाणार, याला उपाय नाही.

वेळ निवडा ओहोटीची. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, पाणी सगळ्यात मागे हटतं आणि एरवी पाण्याखाली असलेली पट्टी उघडी पडते. भांगेच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत तेवढी उघडत नाही. ओहोटी पूर्ण होण्याच्या दोन तास आधी पाण्याच्या मागे मागे खाली उतरा. वाळूची घनता २.६५, शिशाची ११.३, शुद्ध सोन्याची १९.३. मासेमारीच्या जाळ्याची शिसं आणि जड नाणी एका पट्ट्यात मिळायला लागली की वेग निम्मा करा, समुद्राने जड माल तिथे चाळून ठेवलेला असतो.

हेडफोन लावल्यावर लाटेचा आवाज येत नाही, म्हणून समुद्राकडे पाठ करून खणू नका. कंबरेच्या वर पाण्यात एकट्याने जाऊ नका, आणि मशीन अंगाला बांधलंच तर एका झटक्यात सुटेल असं बांधा. प्रवाहाने आत ओढलं तर मशीन सोडा आणि किनाऱ्याला समांतर पोहा. गोळा, काडतूस किंवा बॉम्बसारखं काही दिसलं तर हात न लावता जागा सोडा आणि पोलिसांना कळवा. किनाऱ्यावर डिटेक्टर चालवायला परवानगी लागते का हे प्रत्येक देशात, कित्येकदा प्रत्येक किनाऱ्यागणिक वेगळं असतं. ते खरेदीच्या आधी विचारा. बुडालेल्या जहाजांना हात लावू नका. युनेस्कोच्या २००१ च्या करारात किमान शंभर वर्षं पाण्याखाली असलेल्या मानवी अस्तित्वाच्या खुणांना वारसा मानलं आहे आणि अनेक देशांचे स्वतःचे कायदे त्याहून कडक आहेत.

घरी आल्यावर

उन्हात तापलेलं मशीन थेट थंड पाण्यात घालू नका. आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. आधी सावलीत निवू द्या. काम झाल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, पण जोराच्या फवाऱ्याने नको, कारण त्याने वाळू सीलखाली जाते. कॉइलचं कव्हर काढून आतली वाळू काढा. तिथे साचलेली ओली, काळी वाळू खोटे सिग्नल देते आणि माणूस मशीन बिघडलं म्हणून दुरुस्तीला पाठवतो. दांड्याचे भाग सुटे करून धुवा, जोडलेलेच ठेवले तर आठवडाभरात चिकटतात. बॅटरीचं झाकण किनाऱ्यावर कधीच उघडू नका. घरी उघडलंत तर रबरी कडं बोटाने चाचपा, कण असेल तर पुसा, आणि पुस्तिकेत सांगितलं असेल तेच ग्रीस अगदी पातळ लावा. पेट्रोलियम जेलीने काही प्रकारचं रबर फुगतं. चार्जिंगच्या पिना पूर्ण कोरड्या झाल्यावरच चार्जर लावा. खारा ओलावा राहिलेला असताना वीज सोडली की पिना हिरव्या पडतात, आणि मग चार्जिंग होत नाही म्हणून बॅटरीला दोष दिला जातो.